सातव्या वहीचा समास

१

कपाटात अकरा वह्या असायला हव्या होत्या. निघाल्या दहा. सातवी नव्हती.

मी तीनदा मोजल्या, मग वाकून कपाटाखाली पाहिलं, आणि उठताना गुडघ्यांनी आपली तक्रार नोंदवली. सहावी आणि आठवी यांच्यामध्ये एका वहीएवढी फट होती. मागच्या शनिवारी मीच तिथे फडकं मारलं होतं, तेव्हा अकराच्या अकरा जागेवर होत्या. आज शुक्रवार होता.

आमची संस्था तीन मजल्यांची. खाली साथीच्या रोगांचा विभाग, मध्ये हृदयाच्या ठोक्यांचा आणि सगळ्यात वर, ऊन मिळावं म्हणून, झाडांच्या पोषणाचा. वरच्या मजल्यावर मी एकोणतीस वर्षं काचेची भांडी धुतली. हे काम हलकं समजणाऱ्यांनी एकदा करून बघावं. बाटलीत आदल्या दिवशीचा कण जरी राहिला, तरी झाड तो ओळखतं आणि महिन्याभराचं काम पाण्यात जातं. माझ्या हातून कधी काही फुटलं नाही, अशी माझी ख्याती होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी इमारत रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं, कारण कुठल्या खणात काय आहे हे सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ती सातवी वही सरांची, ज्यांच्या हाताखाली मी काम केलं त्यांची. सरांनी अडतीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, की आमच्या इथल्या घेवड्याच्या एका वाणाला जस्त लागत नाही. जस्त हे खनिज झाडाला अगदी नावापुरतं लागतं, पण ते मिळालं नाही तर पानं नखाएवढी राहतात. सरांचा घेवडा मात्र जस्ताशिवाय तळहाताएवढी पानं काढायचा. ही गोष्ट पुस्तकांत गेली, विद्यार्थ्यांनी पाठ केली. आणि यंदा एका संशोधक मुलीने तोच प्रयोग नव्या प्रयोगशाळेत केला, एकदा नव्हे तीनदा. तिन्ही वेळा पानं नखाएवढी.

नव्या साहेबांनी चौकशी समिती नेमली. पुढच्या शुक्रवारी बैठक होती. सातव्या वहीत त्या प्रयोगाच्या मूळ नोंदी होत्या. त्या मिळाल्या नाहीत, तर सरांनी आकडे मनाने लिहिले असं धरलं जाणार होतं. सर आता एकोणऐंशी वर्षांचे. हृदयाचे ठोके ताल सोडून पळायचे, म्हणून बैठकीनंतरच्या सोमवारी डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तार आत नेऊन चुकार जागा जाळणार होते. त्याच्या तीनच दिवस आधी माणसाच्या कानावर पडायचं, की तू लबाड ठरलास.

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच असते ना, बाई?"

२

त्याच संध्याकाळी मी तापमावशीला फोन केला. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतोय, हे तेव्हा मला कळलं नाही.

तापमावशी म्हणजे तळमजल्यावरच्या निवृत्त डॉक्टरीण. साथ आली की ही बाई वही घेऊन दारोदार फिरायची आणि दोनच प्रश्न विचारायची: ताप सगळ्यात आधी कुणाला आला, आणि त्याच्या आधी घरात काय बदललं? एका वसतिगृहातली साथ तिने या दोन प्रश्नांवर नव्या आणलेल्या पाण्याच्या पिंपापर्यंत नेऊन पोचवली होती. आता एक्क्याऐंशीची आहे, कानाला यंत्र आहे, पण प्रश्न तेच. सरांना अरे-तुरे करणारी ती संस्थेतली एकमेव व्यक्ती, कारण दोघं एकाच आठवड्यात रुजू झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली, तेव्हा मी नातीच्या सदऱ्याला बटण लावत होते. सुई खाली ठेवली आणि चहा टाकला. तोवर मावशी माझ्या शिवणाच्या डब्यातल्या वस्तू उचलून बघत बसली. ती कुणाकडेही गेली तरी असंच करते, त्यामुळे मला काही वाटलं नाही. सुया टोचायचं काळं रबर तिने बोटांत फिरवलं, परत ठेवलं आणि विचारलं, "किल्ली कुठे असते?"

"दारामागच्या खिळ्याला. पहिल्या दिवसापासून."

"खिळा कुणाकुणाला माहीत?"

मी विचार केला. साहेब आणि ती संशोधक मुलगी दोघंही मलाच कपाट उघडायला सांगायचे. खिळा माहीत असलेली माणसं तीनच निघाली: मी, सर आणि स्वतः मावशी.

"मी नेली नाही," मावशी म्हणाली. "राहिलात तुम्ही दोघं."

मी चहात साखर जरा जास्तच घातली.

३

तरी तिने चौकशी रीतसर केली. आधी साहेब. त्यांनी सांगितलं, की वही हरवण्यात त्यांचंच नुकसान आहे. वही असती तर दोन ओळींत निकाल लागला असता, आता लोक म्हणणार यांनी म्हाताऱ्याला पुराव्याशिवाय बदनाम केलं. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. माणूस वाईट नाही, फक्त घाईत जन्मलेला आहे.

मग ती संशोधक मुलगी. तिची पीएचडी याच प्रयोगावर अडली होती. सर बरोबर असतील तर तिचं काम चुकीचं, आणि तिचं बरोबर असेल तर सर खोटे. "मला दोन्ही नकोय," ती म्हणाली. डोळे भरलेले होते, पण उत्तरं नीट देत होती. तिला वही सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती, आपलं काय वेगळं झालं ते बघायला. तिने आपल्या कुंड्या दाखवल्या. द्रावणात बुडालेली पांढरी मुळं, वर खुरटलेल्या फांद्या, पानांचा गुच्छ मुठीत मावेल एवढा. सगळं सरांच्या छापील पद्धतीप्रमाणे केलं होतं. नव्या बाटल्या, नवी झाकणं, सगळं प्लॅस्टिकचं, चकचकीत.

मावशीने मला विचारलं, की आमच्या वेळी हे कसं चालायचं. मला तेवढंच हवं होतं. सकाळचं ऊन काचेच्या छतातून पडायचं, झाडांना घालायच्या द्रावणाच्या बारा तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या असायच्या. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर मी शिवलेली कापडी टोपी, धूळ बसू नये म्हणून. द्रावण तळाशी बसू नये म्हणून रोज प्रत्येक बाटली वीस वेळा उलटीपालटी करायची. आणि सरांचा कडक नियम: बाटल्यांना एकाच माणसाचे हात लागायचे. ते हात माझे. सर स्वतः टोपीलासुद्धा बोट लावायचे नाहीत. ते फक्त सांगायचे, मोजायचे आणि लिहायचे. पेन्सिलीने नाही, शाईने. चूक झाली तर एकच रेघ मारून, खाली सही आणि वेळ घालून. "नोंद म्हणजे नोंद, बाई," म्हणायचे. त्या दिवसांइतकं मला पुढे कुठेही महत्त्वाचं वाटलं नाही, हे मी मावशीला सांगून टाकलं.

जिना उतरताना ती हसून म्हणाली, "तुमचा मजला शिस्तीचा. आमच्याकडे कसली शिस्त? ज्या वर्षी तू लागलीस ना, त्याच वर्षी माझी दोन डझन रबरी बुचं कुणीतरी पळवली. इतक्या साथी शोधल्या, पण तो चोर काही सापडला नाही."

मी तिला विचारलं, की रिक्षा बोलवू का. तिचं घर दोन गल्ल्यांवर आहे.

४

रविवारी दुपारी आम्ही सरांकडे गेलो. त्यांचं घर तळमजल्यावर, पुढे चार पायऱ्यासुद्धा नाहीत. सर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. मला बघून नेहमीसारखं "या बाई" म्हणाले आणि नजर खिडकीबाहेर नेली. आजवर सरांनी माझ्यापासून नजर चुकवली नव्हती.

मावशीने आडपडदा ठेवला नाही. सातवी वही गेली आहे, तू नेलीस का? सर म्हणाले, की त्यांनी वर्षभरात संस्थेचं तोंड पाहिलेलं नाही. जिने आता झेपत नाहीत. आणि समितीला जे ठरवायचं ते ठरवू दे, त्यांना काही सांगायचं नाही. एवढं बोलून त्यांना दम लागला. विषय तिथेच संपला.

निघताना सरांची लेक आमच्याबरोबर फाटकापर्यंत आली. ही लहानपणी आमच्या लॅबच्या उंच स्टुलावर बसून पाढे म्हणायची. आज मधल्या मजल्यावर इतरांच्या हृदयांवर उपचार करते, बापाचं मात्र दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवलं आहे. वही तिने लपवली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण तिने उलट सांगितलं: वही सापडावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली आहे. तिला काळजी वेगळीच होती.

मागच्या मंगळवारी सरांच्या छातीला चोवीस तास ठोके टिपणारं यंत्र लावलं होतं. असं यंत्र लावलं की बरोबर एक डायरी देतात; जेवलो, चाललो, झोपलो, जे केलं ते वेळ घालून लिहायचं, म्हणजे ठोके कधी आणि का बिघडले ते कळतं. सकाळी अकरा चाळीसपासून नऊ मिनिटं सरांचे ठोके पार उधळले होते. त्या वेळी डायरीत श्रमाचं काहीच नव्हतं, हे लेकीला खटकत होतं.

"मावशी, तुम्ही एकदा बघाल का?" तिने पिशवीतून कागद काढले.

मावशीने चष्मा पुसला आणि डायरीवरून बोट फिरवत नेलं. मग ते बोट थांबलं. तिने डायरी माझ्यापुढे धरली. सरांचं ते उभं, सरळ अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखेन.

११.०५. जिने चढलो, दोन.
११.४०. बसून वाचत होतो.

"या घराला जिना कुठे आहे?" मावशीने विचारलं.

५

आम्ही तशाच मागे फिरलो. लेकीला मावशीने बाहेरच थांबवलं.

"अरे, तोंडाने खोटं बोलायला तुला जमलं," मावशी म्हणाली, "पण डायरीत लिहायला जमलं नाही. एवढी मोठी चोरी केलीस आणि वेळेसकट नोंद करून ठेवलीस."

 सरांनी शाल बाजूला केली. मांडीवर सातवी वही होती. आम्ही आलो तेव्हापासून ती तिथेच होती.

मला एकदम हायसं वाटलं. ज्या माणसाला स्वतःच्या चोरीचीही खोटी नोंद करता येत नाही, तो घेवड्याचे आकडे मनाने कसे लिहील? मी तसं म्हणालेही. मावशीने मान हलवली, पण तिचं लक्ष वहीत होतं. तिने पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं. झाडांची पहिली खेप: पानं खुरटली. दुसरी खेप: खुरटली. शेरा: उन्हाळा कडक असल्याने गेल्या. तिसरी खेप: पानं उत्तम. चौथी, पाचवी, पुढे सहा वर्षं सगळ्या खेपा उत्तम.

"म्हणजे पहिल्या दोन खेपा या मुलीसारख्याच झाल्या होत्या," ती म्हणाली. "दुसरीनंतर आणि तिसरीआधी काय बदललं?"

सरांनी हात पुढे करून वही मिटायचा प्रयत्न केला. मावशीने ती माझ्याकडे दिली. दुसरी आणि तिसरी यांच्यामधलं पान होतं. नोंदी नेहमीच्या, तापमान, पाण्याची पातळी. आणि डाव्या समासात, बारीक अक्षरात, एकच ओळ.

नव्या बाई आज रडल्या. विचारले नाही.

त्या ओळीने मी अडतीस वर्षं मागे गेले. नोकरीचा सहावा दिवस. नोकरी अजून कच्ची, तीन महिन्यांच्या बोलीवर. आधीच्या बाईला एक चंबू फोडल्यावर घरी पाठवलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलेलं. घासलेल्या काचेची बारा बुचं, प्रत्येक आपापल्या बाटलीला जुळवलेलं, मी ताटात घेऊन वळले आणि ताट दाराच्या कडीला अडकलं. बाराच्या बारा. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि मिळवणारी मी एकटी. तुकडे मी पदरात भरले, तळमजल्यावर कुणी नाही असं बघून दोन डझन रबरी बुचं उचलली, बारा लावायला आणि बारा राखीव. वर कापडी टोप्या बांधल्या. बाटली बंद झाल्याशी कारण, रबर काय आणि काच काय, असं मला वाटलं. त्या टोप्यांखाली बघणारं दुसरं कुणी नव्हतं, कारण नियमच तसा होता.

"रबर टिकावं म्हणून त्यात जस्ताची भुकटी घालतात," मावशी हळूच म्हणाली. "आणि तू बाटली रोज वीस वेळा उलटी करत होतीस. थोडंथोडं उतरत गेलं असणार. त्या घेवड्याला तेवढंच पुरलं. काल तुझ्या शिवणाच्या डब्यात माझं बूच पाहिलं, तेव्हाच मी चोर पकडला होता. फक्त चोरीने काय केलं ते आज कळलं."

मला रडू आवरेना. सरांचं आयुष्यभराचं नाव माझ्या एका भीतीने तयार झालं होतं, आणि त्याच भीतीने आता जाणार होतं. मी तसं काहीतरी बोलले असेन.

सर म्हणाले, "बुचांचं मला माहीत नव्हतं. पण या मुलीची पानं खुरटली असं कळल्यावर मी वर जाऊन वही उघडली. ती ओळ दिसली आणि समजलं, की त्या दिवशी तुमच्या हातून काहीतरी झालं होतं. समितीनेही ती वाचली असती आणि तुम्हाला उभं केलं असतं. म्हणून नेली."

"आणि स्वतः लबाड ठरला असतात?" मी विचारलं.

"चूक माझीच आहे, बाई. दोन खेपा गेल्या तेव्हा मी कारण शोधलं. तिसरी जगली तेव्हा शोधलं नाही. मला हवं होतं तेच दिसलं, मग कशाला विचारायचं?" त्यांनी नजर वहीवरून माझ्याकडे वळवली. "आता विचारतो. त्या दिवशी काय झालं होतं?"

मी सगळं सांगितलं. आईपासून कडीपर्यंत.  माझं सांगून झाल्यावर सरांनी खिशातून पेन काढलं आणि बाजूच्या कागदावर काहीतरी लिहिलं. औषधाची वेळ असेल, असं मला वाटलं.

६

समितीपुढे मी स्वतः गेले. सरांनी नको म्हणून निरोप पाठवला होता. अडतीस वर्षांत त्यांचं न ऐकण्याची ही माझी दुसरी वेळ. वही टेबलावर ठेवली, शेजारी सुया काढून ते काळं बूच ठेवलं आणि ताटापासून सुरुवात केली. तीन विद्वान माझ्याकडे बघत होते, पण मला त्यांची भीती वाटली नाही. जी वाटायची ती अडतीस वर्षांपूर्वी पुरती वाटून झाली होती.

साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं का सांगितलं नाहीत? मी म्हणाले, "कुणी विचारलं नाही, साहेब. पण खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी सांगितलं नसतं." ते पहिल्यांदाच हसले.

समितीने निकाल महिनाभर पुढे ढकलला. त्या मुलीने आमच्या जुन्या काचेच्या छताखाली कुंड्यांच्या दोन ओळी लावल्या. एका ओळीच्या बाटल्यांना नवी झाकणं, दुसऱ्या ओळीच्या बाटलीला माझं बूच. रोज वीस वेळा बाटली उलटी करायला ती मलाच बोलवायची. म्हणे, पद्धतीत बदल नको. तिसऱ्या आठवड्यात बुचाच्या ओळीतली नवी पानं उलगडली, रुंद, जुन्या ओळखीची. मी त्या काचेच्या छताखाली उभी राहिले आणि क्षणभर वाटलं, आता सर वही घेऊन आतून येतील.

घेवड्याला जस्त लागत नाही, हे विधान मागे घेतलं गेलं. मागे घेणारं पत्र सरांनीच लिहिलं. समितीने नोंदवलं, की निष्कर्ष चुकला होता, नोंदी खऱ्या होत्या. किती कमी जस्त त्या घेवड्याला पुरतं, हा आता त्या मुलीच्या प्रबंधाचा विषय आहे. मावशीने बूच परत मागितलं. उरलेली तेवीस कधी देतेस, म्हणून अजून विचारते.

सरांचं हृदयाचं काम बैठकीनंतरच्या सोमवारी ठरल्याप्रमाणे झालं. ते घरी आल्यावर मी भेटायला गेले तेव्हा सर झोपले होते. लेकीने मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि एक लांब कागद पुढे पसरला. आम्ही वहीसाठी गेलो होतो त्या रविवारी सरांच्या अंगावर तेच ठोके टिपणारं यंत्र पुन्हा लावलेलं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

"हा अख्खा दिवस बघा, किती वेडावाकडा," ती म्हणाली. "आणि ही वीस मिनिटं बघा. इतकी सरळ दुसरी नाहीत. का, ते आम्हालाही सांगता येणार नाही. बाबांनी या वेळी काय लिहिलंय ते वाचा."

तिने डायरी माझ्या हातात दिली. चष्मा लावूनही पहिल्यांदा अक्षरं दिसेनात, म्हणून मी तो पदराने पुसला.

४.१०. बाई आल्या. रडल्या. या वेळी विचारले.

शाईने लिहिलं होतं, आणि खाली सही होती.